सोंगातले कर्म कोणाचे?

'सोंग' हा शब्द आमच्या भाषेत मोठा दुटप्पी आहे. दशावतारी नटाने रावणाचे सोंग उत्तम वठवले म्हणजे आपण त्याची पाठ थोपटतो. आणि शेजाऱ्याने आजारपणाचे सोंग केले म्हणजे त्याच्या नावाने बोटे मोडतो. लळितात सोंगे आणणे हे देवाच्या दारचे काम. तीच सोंगे बाजारात आणली की फसवणूक. पैशाचे सोंग आणता येत नाही असे आपण म्हणतो, त्यात बाकीची सारी सोंगे आणता येतात हे गृहीतच धरलेले असते. एकाच शब्दाच्या पोटी स्तुती आणि निंदा अशा सुखाने नांदत असल्या म्हणजे तेथे एखादा न सुटलेला प्रश्न दडून बसला आहे, असे खुशाल समजावे. आमच्या मते तो प्रश्न असा: सोंग घेतलेल्या माणसाच्या हातून जे घडते ते कर्म कोणाचे? सोंगाचे, की सोंग घेणाऱ्याचे?

नटापुरता ह्या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच लागलेला आहे. रावणाने सीता पळवावी हे नटाने ठरवलेले नसते, कथेने ठरवलेले असते. दशावतारी नट आपली भाषणे रंगभूमीवर ऐनवेळी रचतो खरा. पण सीतेस पळवू नये असे त्याच्या मनात आले म्हणून आख्यान काही बदलत नाही. जेथे निवड नाही तेथे दोष नाही, आणि खरे पाहता पुण्यही नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांत जगात असा एक खेळ आला आहे की ज्यात सोंग तर घ्यावयाचे, पण त्या सोंगाने पुढे काय करावे हे कोणीच लिहून ठेवलेले नसते. ते क्षणोक्षणी खेळणाऱ्याने स्वतः ठरवावयाचे. मुले त्यास इंग्रजी नावानेच 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. आम्ही ह्या लेखापुरते त्यास 'सोंगांचा खेळ' म्हणू. ह्या खेळाने वरील प्रश्न पुन्हा उकरून काढला आहे, आणि आमच्या घरी तर तो अशा स्वरूपात उभा राहिला की त्याचे उत्तर देणे आम्हांस टाळता येईना.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. चारपाच माणसे एका मेजाभोवती, किंवा आमच्याकडे सतरंजीवर, बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार. बाकीच्यांपैकी प्रत्येकाजवळ एक कागद असतो, आणि त्यावर त्याने घेतलेल्या पात्राचे नाव, धंदा, अंगबळ, अक्कल, जवळची चीजवस्तू हे सारे आकड्यांनी मांडलेले असते. सूत्रधार प्रसंग सांगतो: रात्र झाली आहे, पाऊस लागला आहे, दारावर थाप पडली आहे, तुम्ही काय करता? खेळणारा म्हणतो, 'मी दिवा मालवतो आणि कानोसा घेतो.' जे करावयाचे ते साधेल की नाही ह्याची शंका असेल तेथे फासा टाकावयाचा. त्यातही सहा पैलूंच्या फाशाबरोबर वीस पैलूंचा एक फासा असतो, तो मुलांचा विशेष लाडका. पट असलाच तर नकाशापुरता. ह्या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकच खेळ महिनोन्‌महिने चालू शकतो. आणि उठल्यावर मागे काय उरते? चार चुरगळलेले कागद, आणि प्रत्येकाच्या डोक्यात थोडी निरनिराळी अशी एक आठवण.

ह्या खेळाचे कुळ शोधू गेल्यास ते थेट रणांगणावर जाऊन पोचते. प्रशियातील राइस्विट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजाला युद्धाचा एक पट दाखवला. त्याच्या लष्करी पुत्राने १८२४ साली त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. नकाशा, पलटणींच्या खुणेचे ठोकळे, फासे, आणि वादाचा निवाडा करणारा पंच, अशी ती सामग्री. प्रशियाच्या सैन्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ती उचलली. १९१३ साली एच. जी. वेल्ससारख्या युद्धद्वेष्ट्या लेखकाने शिशाचे शिपाई घेऊन घरातल्या जमिनीवर खेळावयाच्या लढाईचे पुस्तक लिहिले. दुसऱ्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. पुढे १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात डेव्हिड वेसली ह्याने एक खेळ मांडला. त्यात खेळणाऱ्यांच्या हाती केवळ सैन्ये न देता एका गावातील एकेक माणूस दिला. आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या खेळाच्या पहिल्या हजार प्रती छापल्या. तेथून आजच्या ह्या खेळांची वंशावळ सुरू होते. ह्या सगळ्या हकीकतीत आम्हांस एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पटावर सैन्य हलवणाऱ्याला 'मी' हा शब्द उच्चारावा लागत नाही. 'डावी फळी पुढे' एवढे म्हटले की झाले. एका माणसाचे सोंग घेणाऱ्याला मात्र तोंड उघडले की 'मी' म्हणावेच लागते.

आता साखरखेर्डा. बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात हे गाव आहे. आमची बहीण तेथे दिली आहे. तिचा मुलगा पुण्यास कॉलेजात शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो आपल्या तिघा मित्रांना घेऊन गावी आला, आणि सोयाबीन घरात येऊन पडलेल्या त्या मोकळ्या दिवसांत ह्या मंडळींनी ओसरीवर आपला खेळ मांडला. राक्षस, परी, गुहेतले खजिने असे विलायती सामान टाकून देऊन त्यांनी ह्या वेळी विषय निवडला तो गावचाच: १७२४ सालची साखरखेर्ड्याची लढाई.

ही लढाई शाळेतल्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेली असते. पण तिचे फळ सव्वादोनशे वर्षे टिकले. दिल्लीची वजिरी सोडून निजामउल्मुल्क दक्षिणेत परतला, तेव्हा महंमदशहा बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान ह्यास आतून चिथावणी दिली आणि दक्षिणेच्या सुभेदारीची लालूच दाखवली. ऑक्टोबर महिन्यात साखरखेर्ड्याजवळ दोघांची गाठ पडली. मुबारिजखान लढता लढता पडला. निजामाने विजयाची आठवण म्हणून गावाचे नावच पालटून फत्तेखेर्डा केले. आणि जे हैदराबादचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले त्याचा पाया ह्या शिवारात घातला गेला. मुलांची पहिली अडचण अशी झाली की ह्या लढाईत 'आपली' बाजू कोणती हेच कळेना. बाजीराव पेशव्यांचे मराठे सैन्य त्या वेळी निजामाच्या पक्षास होते. पुढे १७२८ साली पालखेडला ज्यास कोंडले त्याच निजामाच्या! सोंग घेण्यास वीर मिळेना म्हणून मुले हिरमुसली. आमच्या मते हे फार चांगले झाले. ज्या लढाईत आपली बाजू आधीच ठरलेली असते तीत निवड करण्याचा त्रास उरत नाही. अखेर त्यांनी सरदार सोडून दिले आणि लहान माणसे घेतली: एक हरकारा, एक पखालवाला, मुबारिजखानाकडचा एक पळालेला बारगीर, आणि गावचा पाटील. पाटील आमच्या भाच्याकडे आला. सूत्रधारकी त्यांच्यापैकी जो सर्वांत कमी बोलतो त्याच्याकडे. हरकारा व पखालवाला हे दोघेही एकानेच चालवले.

तिसऱ्या रात्री जे घडले ते असे. लढाई संपली आहे. जखमी बारगीर पाटलाच्या गोठ्यात कडब्यामागे लपला आहे. दोन दिवसांपूर्वी पाटलानेच त्यास भाकर दिली आहे आणि अभय दिले आहे. निजामाचे शिपाई दारी येतात आणि विचारतात, कोणी पळपुटा इकडे आला काय? आमचा भाचा क्षणभर थांबला, आणि त्याने सूत्रधारास विचारले, 'बक्षीस काय मिळेल?' सूत्रधार म्हणाला, 'एक घोडा.' भाचा म्हणाला, 'मी गोठ्याकडे बोट दाखवतो.' सगळे हसले. बारगिराचे सोंग घेतलेला मुलगाही हसला. पण थोडे उशिरा. त्याने आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि 'झोप येते' म्हणून तो उठून गेला. आम्ही झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत होतो; मुलांच्या खेळात कान घालण्याची आमची रीत नाही, पण कान काही बंद करता येत नाहीत.

आमच्या भाच्याने बरेच दिवस मनात घेतले होते की ह्या खेळांविषयी आपले एक हस्तलिखित मासिक काढावे. त्यात खेळलेल्या खेळांच्या हकीकती, नियमांची चर्चा, फसलेल्या प्रसंगांची मीमांसा, असा मजकूर असावा, आणि ते चार ओळखीच्या व चार अनोळखी माणसांच्या हाती द्यावे. साखरखेर्ड्याचा खेळ हा त्याच्या पहिल्या अंकाचा विषय. दोन दिवसांनी त्याने आम्हांस कच्चा मजकूर वाचावयास दिला. भाषा बरी होती. परंतु गोठ्याच्या प्रसंगाशी आलो तो तेथे असे लिहिलेले: शिपायांनी गावच्या गंज्या पेटवण्याची धमकी दिली, एकाच्या जिवापेक्षा साऱ्या गावाचे पोट मोठे, असा विचार करून पाटलाने जड अंतःकरणाने बोट दाखवले. घोड्याचा उल्लेख कोठेच नाही. आम्ही म्हटले, 'अरे, धमकी तर कोणी दिली नव्हती!' तो म्हणाला, 'मामा, पाटील तर मीच केला ना? मग त्याच्या मनात काय होते हे मी आज ठरवले तर ते खोटे कसे? जो माणूस कधी झालाच नाही, त्याच्याविषयी कोणी खोटे बोलू शकतो का?'

हा प्रश्न ऐकून आम्हांस आनंद झाला हे कबूल केले पाहिजे. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून एवढा नेटका आक्षेप वर्गात आमच्या वाट्यास क्वचितच आला. उत्तर मात्र आम्ही लगेच दिले नाही. ज्या आक्षेपास बळ आहे त्यास रात्रभर तरी घरात ठेवून घ्यावे.

प्रथमदर्शनी भाच्याची बाजू पक्की दिसते. कादंबरीकार आपल्या नायकाचा हेतू पुस्तक छापले जाईपर्यंत शंभरदा बदलतो. त्यास कोणी खोटारडा म्हणत नाही. पात्र काल्पनिक, तर पात्राचा हेतूही काल्पनिक. पण कादंबरी आणि हा खेळ ह्यांत एक अंतर आहे. कादंबरीकार एकटा असतो, आणि त्याचे खोडलेले पान टोपलीत गेले की नाहीसे होते. ओसरीवर चौघे होते. 'मी गोठ्याकडे बोट दाखवतो' हे शब्द उच्चारले गेले, तिघांनी ऐकले, आणि त्या शब्दांनी एका मुलाचा तीन रात्रींचा बारगीर संपला. बुद्धिबळात सोंगटीवरून बोट उचलल्यावर चाल परत घेता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. किंबहुना परत घेता येत नाही म्हणूनच त्यास खेळ म्हणावयाचे. परत घेता आले असते तर ते नुसते गप्पांचे लांबण झाले असते. तेव्हा पाटील झाला नाही हे खरे, पण बोट दाखवण्याची निवड झाली. आणि ती पाटलाने केली नाही, कारण पाटलास मनच नाही. ती एकोणीस वर्षांच्या एका मुलाने केली, आणि ती करण्यापूर्वी त्याने बक्षीस विचारले. ही गोष्ट काल्पनिक नव्हे; ती दिवाळीत साखरखेर्ड्यास घडलेली गोष्ट आहे. भाच्याच्या मजकुरात जे खोटे होते ते पाटलाविषयी नव्हते, ते त्याच्या स्वतःविषयी होते.

न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली, ती आमच्या पिढीपर्यंत साहित्याच्या विद्यार्थ्यांस पाठ असे. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपण वेगळे आहोत हा विकल्प त्याच्या मनातून जात नाही. ह्या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे. सोंगांच्या खेळात ही समाधी आहेच. पण तीत आणखी एक गोष्ट मिसळली आहे, जी केळकरांच्या वाचकाजवळ नाही, आणि ती म्हणजे कर्तृत्व. वाचक मॅक्बेथच्या हातातील खंजीर अनुभवतो, उचलीत नाही. ह्या खेळात तो उचलावा लागतो, किंवा उचलीत नाही असे म्हणावे लागते.

ह्या ठिकाणी धास्तावणारे पालक आमच्या मागे येऊन उभे राहिलेले आम्हांस दिसतात. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात सांगून ठेवले आहे की हलक्या माणसांची नक्कल करणारा हळूहळू तसाच होतो. अमेरिकेत १९७९ साली मिशिगन येथील एक विद्यार्थी नाहीसा झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी ह्या खेळावरच खापर फोडले. पुढे त्याच्या दुःखाची कारणे निराळी होती असे उघड झाले. पण मधल्या काळात हा खेळ मुलांना सैतानाच्या हाती देतो अशी एक हाकाटी त्या देशात चांगली दहा वर्षे चालली. आम्हांस ही भीती पोकळ वाटते. पाटलाचे सोंग घेऊन आमचा भाचा विश्वासघातकी होणार नाही. त्याची आई त्याला तसे होऊ देणार नाही. भय असलेच तर ते दुसऱ्या बाजूस आहे. माणूस सोंगामुळे वाईट होत नाही; पण जे बरेवाईट त्याच्यात मुळात आहे ते सोंगाच्या आडोशाने बाहेर येते, आणि 'ते तर पात्राने केले' असे म्हणून तो त्यास ओळख न देता निघून जातो. आरशात तोंड पाहावे आणि हा कोणी दुसराच असे म्हणावे, तसे ते आहे.

फाशाचा आडोसा त्याहून सोयीचा. 'मी काय करणार, फासाच तसा पडला!' पण फासा फक्त एवढेच सांगतो की मारलेला बाण लागला की हुकला. बाण मारावा की नाही हे तो कधीच सांगत नाही. द्यूतसभेत फासे शकुनीचे होते आणि ते पडले तेही शकुनीच्या मनासारखे; तथापि द्रौपदीस पणास लावतो हे शब्द धर्मराजाच्या तोंडचे होते, आणि महाभारताने त्यास त्या शब्दांतून अजून सोडवलेले नाही.

उलट टोकाची कथा हरिश्चंद्राची. आमच्या घरोघर सांगतात त्याप्रमाणे त्याने स्वप्नात राज्य दान केले, आणि सकाळी ते विश्वामित्रास देऊन तो बायकोमुलासह काशीची वाट चालू लागला. ह्या कथेवर इंग्रजी शिकलेले लोक हसतात. आम्हीही कॉलेजात असताना हसलो. स्वप्नातले दान पाळणे हा वेडेपणा आहेच. पण त्या वेडेपणाच्या तळाशी जे आहे ते हसण्यासारखे नाही: मनाने दिले ते आपणच दिले, ह्यापलीकडे हरिश्चंद्र काही म्हणत नाही.

मग आमच्या भाच्यानेही काशीस जावे काय? मुळीच नाही. येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. कर्माचे फळ आणि कर्माचे कर्तेपण ह्या एक नव्हेत. त्या रात्री कोणा बारगिराचे शीर गेले नाही. तेव्हा शिक्षा नाही, प्रायश्चित्त नाही, रात्रीची झोप जाण्याचेही कारण नाही. खेळाचा हाच तर उपकार आहे की त्यात फळ भोगावे लागत नाही. जी गोष्ट शिकण्यासाठी एरवी खऱ्या मित्रास खऱ्या शिपायांच्या स्वाधीन करावे लागले असते ती ओसरीवर, चिवड्याच्या ताटलीशेजारी शिकता येते. पण फळ माफ झाले म्हणून कर्तेपणही माफ करून घ्यावयाचे ठरवले तर मग तो उपकारही फुकट जातो. कारण शिकावयाचे ते काही उरतच नाही.

आणि सोंगाच्या आडून कर्म करून हात झटकण्याची विद्या पाहावयाची असेल तर त्यासाठी ओसरीवर येण्याचे कारण नाही. ती त्याच शिवारात, त्याच १७२४ साली, फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. लढाईनंतर निजामाने मुबारिजखानाचे शीर दिल्लीस बादशहाकडे पाठवले, आणि बादशहाच्या एका बंडखोराचा बीमोड केल्याबद्दल वर त्याचे अभिनंदनही केले. मुबारिजखान कोणाच्या सांगण्यावरून लढला हे निजामास ठाऊक होते. निजामास ते ठाऊक आहे हे बादशहासही ठाऊक असले पाहिजे. एकाने स्वामिभक्त सेवकाचे सोंग घेतले, दुसऱ्याने प्रसन्न स्वामीचे घेतले, आणि १७२५ साली आसफजाह हा किताब देऊन बादशहाने आपली भूमिका शेवटपर्यंत निभावली. जो मेला तो मात्र सोंगाने मेला नाही. अशा भूमीवर मुलांनी खेळ मांडावा की नाही, असे आम्हांस एकदोन वडीलधाऱ्यांनी विचारले. आम्ही म्हणतो, अवश्य मांडावा. फक्त बादशहाने व निजामाने जसा मांडला तसा मांडू नये.

राहता राहिला लिहिण्याचा प्रश्न. खेळ तो खेळ. तो ओसरीवर संपला. तो अनोळखी माणसांसाठी लिहून कशाला ठेवावयाचा, असे पुष्कळांस वाटेल. ह्याबाबत इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातील एक हकीकत आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. १८२६ च्या जून महिन्यात यॉर्कशायरमधील हावर्थ गावच्या धर्मोपदेशकाने लीड्सहून आपल्या मुलासाठी लाकडी शिपायांची एक पेटी आणली. भावंडांनी एकेक शिपाई उचलला. दहा वर्षांच्या शार्लटने आपल्यास वेलिंग्टन म्हटले, ब्रॅनवेलने आपल्यास बोनापार्ट. त्या शिपायांच्या सोंगांतून राज्ये उभी राहिली, आणि मुले त्यांचा इतिहास मुठीत मावतील एवढ्या चिमुकल्या वह्यांत, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत लिहू लागली. ह्यांपैकी पुष्कळ वह्यांवर शार्लट ब्राँटीने लेखक म्हणून वेलिंग्टनच्या मुलाचे, म्हणजे आपल्याच एका पात्राचे, नाव घातले आहे. आणि त्यांतल्या काहींच्या शेवटी स्वतःच्या नावाची सही व तारीख आहे. वर सोंग, खाली सही. 'जेन एअर' १८४७ साली आली, तीही प्रथम टोपणनावाने. पण ती लिहिणाऱ्या हाताने 'मी' लिहिण्याचा सराव कोठे केला असेल ह्याविषयी आमच्या मनात फारसा संशय नाही.

आजच्या खेळापुरते बोलावयाचे तर लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड नावाच्या बाईने १९७५ साली ह्याच कामासाठी एक मासिक सुरू केले. एलिझाबेथच्या काळच्या नाटकांत रणधुमाळी दाखवण्यासाठी जी रंगसूचना येते, 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स', तेच नाव त्यास दिले. त्याची रीत अशी की प्रत्येक खेळणाऱ्याने आपली पाने आपण लिहावयाची, इतरांनी पुढच्या अंकात त्यांवर बरेवाईट म्हणावयाचे, आणि बाईने सारी पाने एकत्र बांधून सर्वांस धाडावयाची. हे काम जवळजवळ पन्नास वर्षे चालले. आम्हांस ह्यात विशेष वाटते ते 'पुढच्या अंकात इतरांनी म्हणावयाचे' हे. एकट्याच्या रोजनिशीत धमकी नसताना धमकी घालता येते. जेथे ओसरीवरचे बाकीचे तिघेही वाचक आहेत तेथे ते जड जाते.

ह्यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो भाच्याने नव्हे, सूत्रधार मुलाने काढला. खेळ चौघांचा, मग लिहिणारा एकटा कोण? त्याचे पाहणे तेवढे खरे, आणि बाकीच्यांचे? ह्या बाबतीत वऱ्हाडच्या माणसास बाहेर शोधावयास जावे लागत नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपुरास चक्रधरस्वामींच्या लीळा लिहिण्यास घेतल्या तेव्हा ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या त्यांस गाठून त्यांनी विचारले. एका लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळत नसत, तेथे त्यांतली एक दडपण्यात आली नाही. ज्याने जसे सांगितले तसे ते ग्रंथात वेगळे राहिले. त्या पवित्र ग्रंथाशी पोरांच्या वहीची तुलना आम्ही करीत नाही. परंतु सचोटी ही मोठ्या कामाकडून लहान कामाने उसनी घ्यावयाचीच वस्तू आहे. सूत्रधारास आम्ही एवढेच सुचवले की प्रत्येकाने आपल्या वाट्याचा प्रसंग आपण लिहावा.

भाच्यास आम्ही काय सांगितले? मजकूर बदल असे सांगितले नाही. धमकीची गोष्ट लिहावयाची असेल तर खुशाल लिही, म्हटले; ती चांगली गोष्ट आहे, आणि तशा पेचात सापडलेला पाटील तुझ्या पाटलापेक्षा कदाचित अधिक मोलाचा माणूस ठरेल. फक्त तिच्यावर 'कथा' असे लिही. 'खेळलो तसे' असे लिहू नकोस. तो काही बोलला नाही. दोन दिवस वही मिटलेली होती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याने ते पान फाडले व दुसरे लिहिले. त्यात 'पाटलाने' असे कोठेही नव्हते, सर्वत्र 'मी' होते. आणि घोड्याचा रंगही दिलेला होता, जो त्या रात्री कोणी सांगितला नव्हता. त्यावर पुन्हा वाद झाला. अखेर सूत्रधाराने पांढरा हाच रंग आपल्या मनात होता असे जाहीर करून तो मिटवला. तो खरे बोलला की नाही हे त्याचे त्यास ठाऊक.

हस्तलिखिताचा पहिला अंक गेल्या महिन्यात टपालाने आमच्याकडे आला. अठ्ठेचाळीस पाने, साखरखेर्ड्याचा नकाशा भाच्याने स्वतः काढलेला, शिवणीचा दोरा थोडा सैल. बारगीर झालेल्या मुलाने आपला भाग लिहून दिलेला नाही. विचारले तेव्हा तो म्हणाला म्हणे, की जे घडले ते त्याला चांगले आठवते आणि लिहिण्यासारखे त्यात काही नाही. त्याच्यासाठी मध्ये दोन पाने कोरी सोडली आहेत, वर फक्त त्याचे नाव आहे. दुसऱ्या अंकासाठी त्यास पुन्हा विचारावयाचे आहे. आणि ह्या वेळी पत्र भाच्याने लिहावयाचे असे ठरले आहे.